लाकडी शर्यतीच्या गाडीत वजन कुठे ठेवावे?

अमेरिकेत कब स्काउट मुलांची ‘पाइनवुड डर्बी’ शर्यत प्रसिद्ध आहे. डॉन मर्फी यांनी ती १९५३ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच येथे सुरू केली. ७ इंची पाइनचा ठोकळा आणि चार चाके, इंजिन नाही. गाडी उतारावरून स्वतःच्या वजनाने पळते. आपल्या सुतार बांधवांनी त्यातला हिशेब समजून घ्यावा.

वजनाची मर्यादा साधारणतः ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम असते. आपण या मर्यादेच्या अगदी जवळ जावे, कारण हवेचा अडथळा जड गाडीला कमी रोखतो.

आता जागा पाहू. उतारावर उभ्या गाडीची मागची बाजू उंच असते. वजन मागे असेल तर ते जास्त उंचीवरून खाली येते आणि वेग वाढतो. मात्र फार मागे नेल्यास पुढची चाके हलकी पडून गाडी डगमगते. गाडी पट्टीच्या कडेवर आडवी तोलून पाहावी; तोल मागच्या आसापुढे सुमारे १ इंचावर यावा.

शिसे स्वस्त, पण विषारी. हाताळल्यावर हात धुवावेत. टंगस्टन महाग, पण त्याहून बरेच घन असल्याने थोड्या जागेत मावते.

रंग व चाके बसवूनच अखेरचे वजन करावे आणि थोडे वजन काढता येईल असे ठेवावे. शर्यतीच्या काट्यावर एक ग्रॅम जास्त भरला, तर सारी मेहनत वाया जाऊ शकते.