बंबाची वाट अडवली, तर कितीला पडेल?

पिपरिया किंवा मसाटकडे धूर दिसला की बघ्यांच्या मोटारसायकली बंबाच्याही आधी पोहोचतात. दादरा आणि नगर हवेलीत प्लास्टिकचे आणि धाग्याचे कारखाने भरपूर, आणि दोन्ही माल भराभर पेटणारे. तेव्हा बंबाच्या आड आल्यास काय पडते, याचा हिशेब आधीच माहीत असलेला बरा.

सर्वांत सहज घडणारा गुन्हा वाहनचालकाचा. अग्निशमनाची गाडी येत असताना आपली गाडी बाजूला घेतली नाही, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ ई लागते: १० हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात दंडाला 'पर्यंत' नाही, आकडा ठोक आहे. रुग्णवाहिकेलाही हेच लागू.

आगीच्या ठिकाणी जवानांना मुद्दाम अडवले, उदाहरणार्थ नळी ओढली किंवा माल दिसू नये म्हणून कारखान्याचे फाटक उघडलेच नाही, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२१. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या कलम १८६ मध्ये दंड ५०० रुपयांपर्यंत होता. म्हणजे रस्त्यात वाट न देण्याचा दंड आजही जवानाला आगीसमोर अडवण्याच्या चौपट! कायदा करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले नसावेत.

खरा खर्च हात उचलल्यावर सुरू होतो. सरकारी कचेरीत ज्याची धमकी ऐकू येई ते 'तीनशे त्रेपन्न' १ जुलै २०२४ पासून कलम १३२ झाले आहे. हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. जवानाला इजा झाली तर कलम १२१: पाच वर्षांपर्यंत. इजा गंभीर असेल तर किमान एक वर्ष, कमाल दहा, शिवाय दंड. बंबाची काच फोडली तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा वेगळा, त्यातही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

नुसती तोंडाची बाचाबाची झाली म्हणून १३२ लागत नाही. केवळ शब्द म्हणजे हल्ला नव्हे, असे संहिताच सांगते. शिवाय २२१, १३२ आणि १२१ ही कलमे लोकसेवकांपुरती आहेत; कारखान्याने नेमलेले खासगी अग्निशमन कर्मचारी लोकसेवक नव्हेत. त्यांना मारले तर मारहाणीची साधी कलमे लागतात.

१३२ अजामीनपात्र आहे. जामीन मिळतच नाही असे नव्हे, पण ठाण्यातून हक्काने सुटता येत नाही. न्यायालयात अर्ज करावा लागतो. वकिलाची फी, जामीनदार, तारखांपायी बुडालेली हजेरी हे सारे दंडाच्या पावतीवर येत नाही. दादरा आणि नगर हवेलीवर अधिकारक्षेत्र मुंबई उच्च न्यायालयाचे, त्यामुळे वर जायचे तर मुंबईच्या खेपा. खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टही अडू शकतो.

खोटी वर्दी देऊन बंब पळवणाऱ्यांसाठी कलम २१७ आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आग दिसली तर १०१ किंवा ११२ वर पत्ता नीट सांगा, जवळची खूण द्या. कारखाना तुमचा असेल तर फाटक उघडून ठेवा आणि आत कोणते रसायन किती आहे, ते बंब थांबताच जवानांना सांगा.