रावणाची सभा आणि रामाची बैठक



आजचं वाचन: वाल्मीकी रामायण, युद्धकांड, सर्ग ६ ते १८. एका दमात वाचायला जरा मोठं आहे, पण तुकडे पाडू नका. इथे दोन सभा पाठोपाठ येतात, एक समुद्रापलीकडे आणि एक अलीकडे, आणि त्या शेजारी शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात.

हनुमंत लंका जाळून गेलाय. रावण सभा बोलावतो आणि म्हणतो, विजयाचं मूळ मसलतीत असतं. पुढे तो राज्यकर्त्यांचे तीन प्रकार सांगतो. हितचिंतकांशी बोलून मग कामाला लागणारा उत्तम, एकट्यानेच विचार करणारा मध्यम, आणि गुणदोष न पाहता ‘मी करणारच’ म्हणणारा अधम. मसलतीचेही असेच तीन प्रकार तो सांगतो. मॅनेजमेंटच्या वर्गात सहज शिकवता येईल इतकं नेमकं! आणि बोलतोय कोण, तर रावण. तत्त्व ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच वाल्मीकींनी ठेवली नाही.

मग सभेत होतं काय? प्रहस्त, दुर्मुख, वज्रदंष्ट्र एकेक जण उठतो आणि ‘मी एकटाच सगळ्यांना मारतो’ म्हणतो. वज्रहनू तर ओठ चाटत उठतो. सीतेला परत द्यावं का, या खऱ्या प्रश्नाला त्यातला कोणीच हात घालत नाही. तो विभीषण घालतो, आणि शेवटी अपमान होऊन चार सोबत्यांसह लंका सोडतो.

पण मला जास्त टोचला तो कुंभकर्ण. भर सभेत तो रावणाला सुनावतो, की हे आम्हाला सीतेला आणण्याआधी विचारायचं होतंस. काम उरकल्यावर मसलत कसली? अगदी बरोबर बोलतो, आणि लगेच पुढे म्हणतो, असो, मी लढतो तुझ्यासाठी. म्हणजे चूक दिसते, बोलूनही दाखवतो, पण किंमत शून्य. आपल्या सोसायट्यांमध्ये, मंडळांमध्ये असे कुंभकर्ण पुष्कळ असतात. पत्रिका छापून आल्यावर ग्रुपवर ‘काही सूचना?’ असा मेसेज येतो, त्या वेळी काय बोलणार बिचारे!

आता अलीकडचा किनारा. विभीषण आकाशात उभा राहून आश्रय मागतोय. सुग्रीव म्हणतो, मारून टाका, घुबड कावळ्यांत शिरावं तसा हा आपल्यात शिरेल. अंगद म्हणतो पारखून घ्या, शरभ म्हणतो हेर लावा, मैंद म्हणतो गोडीने प्रश्न विचारा. जांबवानाला येण्याची वेळ आणि जागा दोन्ही संशयास्पद वाटतात. हनुमंत सगळ्यांची मतं खोडतो, तीही कारणं देऊन: समोर उभ्या असलेल्यावर हेर काय लावणार? रावणाचा दुष्टपणा आणि तुमचा पराक्रम पाहून तो आलाय, म्हणजे वेळ योग्यच आहे.

इथे मतदान झालं असतं तर विभीषण बाहेर राहिला असता. राम हात मोजत नाही, पण कोणाला गप्पही बसवत नाही. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर ‘मलाही काही सांगायचंय’ म्हणतो. सुग्रीव पुन्हा हरकत घेतो, मग आणखी एकदा. राम चिडत नाही, कारणं वाढवतो. शरण आलेल्या शत्रूला स्वतःचं मांस देणाऱ्या कबुतराची गोष्ट सांगतो, शरणागताला अभय देण्याचं आपलं व्रत सांगतो, आणि म्हणतो, स्वतः रावण आला असता तरी अभय दिलं असतं.

हे काही फक्त पोथीतलं नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा आठवतोय? त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०१५ मध्ये तो नव्याने करायला घ्यावा लागला. आराखड्यावर अजून शिक्का बसला नव्हता, म्हणून त्या हरकतींना वजन आलं. कुंभकर्णाला नेमकी हीच संधी मिळाली नव्हती.

एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. विभीषणाला घेऊन ये, असं राम सांगतो ते सुग्रीवालाच, ज्याचा विरोध सगळ्यात कडवा होता त्याला. आणि तोवर सुग्रीवाचं मन वळलेलं असतं. विभीषण आमच्या बरोबरीचा होऊ दे, असं तोच म्हणतो.

उद्या सर्ग १९. विभीषण आत येतो, आणि समुद्र कसा ओलांडायचा हे सुग्रीव आणि हनुमंत त्यालाच विचारतात.