चाळीचा पॅसेज आणि आपले आरोग्य

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना सकाळी भांडी घासताना अर्धांगवायूचा झटका आला. तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना. सुनेने लगेच १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण स्ट्रेचर चाळीच्या दारातच अडले. आत चार मोटारसायकली, जिन्याखाली मोडके लोखंडी कपाट, पुढे पाण्याची पिंपे. शेवटी पोरांनी आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले. त्यात वीस मिनिटे गेली.

आजी वाचल्या, पण उजवा हात अजून नीट चालत नाही. तो केवळ त्या वीस मिनिटांमुळे गेला, असे आम्ही म्हणणार नाही. पण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. ती वीस मिनिटे आजींची होती. राग कोणावर काढायचा? कपाट एकाचे, गाड्या चौघांच्या, पिंपे सगळ्यांची.

ही जागा मोकळी का हवी?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत माणसे पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. राजगृहात जाण्यापूर्वी बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या अशाच बीआयटी चाळीत राहिले. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. म्हणजे एका दारातून ऐंशी कुटुंबांची ये-जा.

एवढ्याशा खोलीत सामान मावत नाही, म्हणून ते बाहेर येते. यात कोणाची हौस नाही, हे आम्ही जाणतो. पण पॅसेज हा आपल्या सगळ्यांचा श्वास आणि सगळ्यांची बाहेर पडायची वाट आहे.

आग आणि धूर

बहुतेक जुन्या इमारतींत विजेचे मीटर दारात किंवा जिन्याखाली असतात. तिथेच रद्दी, गाद्या आणि पेट्रोलच्या गाड्या. आता काहीजण इलेक्ट्रिक स्कूटरही तिथेच रात्रभर चार्जिंगला लावतात. मीटरच्या पेटीत ठिणगी पडली तर जिना धुराड्यासारखे काम करतो. धूर खालून थेट वरच्या मजल्यांवर जातो. आगीत माणसे भाजण्याआधी बऱ्याचदा धुरानेच गुदमरतात. म्हणून :

- मीटरजवळ काहीही ठेवू नका, तिथे चार्जिंग करू नका.
- मेन स्विच कुठे आहे, हे प्रत्येक मजल्यावरच्या निदान दोघांना ठाऊक हवे.
- विजेच्या आगीवर पाणी ओतू नका. १०१ ला फोन करा.
- जिना धुराने भरला असेल तर त्यात उतरू नका. खोलीचे दार लावा, फटीत ओले कापड कोंबा आणि खिडकीशी येऊन हाका मारा.

हवा आणि क्षयरोग

आमच्यातल्या काहीजणींनी वर्षानुवर्षे वॉर्डात ड्यूटी केली. क्षयरोगाचे पेशंट आम्ही जवळून पाहिले. कोपऱ्यात थुंकल्यामुळे टीबी पसरतो, असे पुष्कळांना वाटते. थुंकणे वाईटच, पण टीबी मुख्यतः पसरतो तो खोकल्यातून हवेत गेलेल्या जंतूंमुळे. बंद जागेत ते कित्येक तास तरंगतात. हवा खेळती असली की पांगतात, आणि उन्हापुढे फार टिकत नाहीत. जिन्याची खिडकी खोक्यांनी बुजवली किंवा पावसाला म्हणून लावलेले प्लॅस्टिक वर्षभर काढलेच नाही, तर आपण स्वतःच हवा कोंडतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आणि एक विनंती : टीबी झालेल्या माणसाला पॅसेजमध्ये बसू नको, नळावर येऊ नको, असे म्हणू नका. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. पेशंटला नव्हे, बंद खिडकीला हटवा.

पाणी, डास, उंदीर

पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून पिंप लागणारच. पण ते एका भिंतीला लावा, घट्ट झाकण ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याची घासणी त्याच्या आत होते. जिन्याखाली खरकटे टाकू नका, उंदीर तिथेच वाढतात. पावसाचे पाणी दारात शिरले आणि पायाला जखम असताना त्यातून चालला असाल, तर लेप्टोचा धोका असतो. ७२ तासांच्या आत आरोग्य केंद्रात दाखवा.

येत्या रविवारी एवढे करा

सहा फूट लांब, दोन फूट रुंद फळी घ्या. तिला स्ट्रेचर समजून दोघांनी चाळीच्या दारापासून सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत न्या. जिथे अडेल तिथे खडूने खूण करा. खुणेच्या जागी कोणाचे काय आहे, ते नाव घेऊन भांडू नका. सगळ्यांना एकत्र बोलवा. भंगार आधी काढा. गाड्या बाहेर लावा. जिन्यावर दिवा लावा, त्याच्या बिलाची वर्गणी ठरवा. सैल झालेला कठडा आणि फुटलेली पायरी दुरुस्त करायला मालकाकडे किंवा संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्या, सगळ्यांच्या सह्यांनी. पोचपावती जपून ठेवा.

त्या चाळीत बायकांनी असेच केले. खडूच्या खुणा सात निघाल्या. तीन रविवारांत सहा पुसल्या गेल्या. सातवी, म्हणजे दारातल्या गाड्या, अजून बाकी आहे. त्यावर बैठका चालू आहेत. आजी आता डाव्या हाताने कठडा धरून रोज एक मजला उतरतात.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचून दाखवा आणि फळी घेऊनच उठा.