कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस

चि. ओंकार,


काल दादाचा फोन आला. अ‍ॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्री राहिल्याचं त्याच्याकडूनच कळलं. निकाल लागून आठवडा होत आला, तू कुणाचा फोन घेत नाहीस आणि वहिनीच्या घशाखाली घास उतरत नाही, असं तो म्हणाला. मीही फोन करून पाहिला असता, पण तोही तू घेतला नसतास. म्हणून पत्र. मी सगळी नोकरी अ‍ॅनाटॉमी शिकवण्यात काढली आहे. त्यामुळे पुढचं सगळं आत्या म्हणून तर लिहितेच आहे, पण त्याहून जास्त शिक्षिका म्हणून लिहिते आहे.

आधी नियम सांगते, कारण निकालानंतर हॉस्टेलवर अफवांना ऊत येतो. तुझं वर्ष अजून गेलेलं नाही. राहिलेल्या विषयांच्या सप्लीमेंटरी परीक्षेचा निकाल लवकर लावायचा आणि पास होणाऱ्यांना आपल्याच बॅचबरोबर पुढे जाऊ द्यायचं, अशी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची व्यवस्था आहे. तिथेही विषय राहिला तर मात्र पुढच्या बॅचबरोबर बसावं लागतं, कारण फर्स्ट एमबीबीएस पूर्ण निघाल्याशिवाय सेकंड इयरला जाता येत नाही. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात आणि अख्खा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत पूर्ण करावा लागतो. तुझा एक प्रयत्न झाला. ‘आता कॉलेजातून काढतील’ असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. ‘कितीही वेळा बसता येतं, टेन्शन नको’ असं म्हणत असेल तर तेही खोटं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तू अभ्यास केला नाहीस, असं मला मुळीच वाटत नाही. दिवाळीत आला होतास तेव्हा तुझा चौरसियांच्या अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकाचा खंड मी चाळला होता. पिवळा, गुलाबी, हिरवा, पानापानावर तीन-तीन रंगांचे हायलायटर. समासात मात्र एक आकृती नव्हती, स्वतःच्या हाताने लिहिलेला एक शब्द नव्हता. तुझी गडबड तिथे आहे, ओंकार.

नीटच्या प्रवेश परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर तुझ्यासमोर छापलेलं असतं. चारांतून ते ओळखायचं. लातूरच्या क्लासच्या दोन वर्षांत हे ओळखण्याचं काम तू इतकं घोटलंस की बार्शीच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला, शाळेने सत्कार केला. ते यश खरंच होतं, त्यात कमीपणा काही नाही. पण एमबीबीएसच्या उत्तरपत्रिकेत काहीच छापलेलं नसतं. वीस गुणांचे एमसीक्यू सोडले तर बाकी सगळं आपल्याला आपल्याच डोक्यातून काढून कागदावर मांडावं लागतं, घड्याळ लावून. ही दुसरी विद्या आहे आणि ती तुला कुणी मुद्दाम शिकवलेली नाही.

हाताच्या नर्व्ह्जचं जाळं, ब्रेकियल प्लेक्ससच घे. एर्ब्ज पाल्सीत कोणती रूट्स जातात, असं एमसीक्यूत विचारलं तर तू झोपेतही सी-५, सी-६ वर खूण करशील. लाँग क्वेश्चनमध्ये मात्र लिहायला सांगतात: फॉर्मेशन, ब्रँचेस, अप्लाइड, आकृतीसह. मग तुझ्यासारखी हुशार मुलं काय करतात? दोन ओळी लिहितात, एक अर्धवट आकृती काढतात, लॅटरल कॉर्ड आणि मीडियल कॉर्ड यांची अदलाबदल करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. असे पेपर मी वर्षानुवर्षं तपासले आहेत. मुलाने वाचलेलं आहे हे कळतं आणि गुण देता येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

आता असं कर. पुस्तक मिटून कोरा कागद घे. पाच रूट्स काढ, सी-५ ते टी-१. वरच्या दोहोंचा अपर ट्रंक, मधला एकटाच मिडल, खालच्या दोहोंचा लोअर. प्रत्येक ट्रंकचे दोन फाटे, पुढचा आणि मागचा. मागचे तिन्ही एकत्र आले की पोस्टेरिअर कॉर्ड. पुढच्यांपैकी वरचे दोन लॅटरलला, खालचा एकटा मीडियलला. एवढं हाताने काढता आलं की मग एर्ब्ज पाल्सी झालेल्या बाळाचा विचार कर. अवघड बाळंतपणात खांदा अडकतो, मान एका बाजूला ओढली जाते आणि अपर ट्रंकवर ताण येतो. सी-५, सी-६ गेल्यावर डेल्टॉइड आणि सुप्रास्पायनेटस गेले, म्हणून दंड बाजूला उचलता येत नाही, अंगालगत लोंबतो. हात बाहेर वळवणारे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर गेले, म्हणून तो आत वळतो. बायसेप्स, ब्रेकिअ‍ॅलिस गेले, म्हणून कोपर वाकत नाही. तळवा पुढे फिरवणारा जोरही बायसेप्सचाच, म्हणून तळवा मागे वळलेला राहतो. बघ, पाठ करण्यासारखं यात फार थोडं उरलं. एकेका स्नायूचं काम आठवलं की त्या बाळाचा हात तुझा तूच कागदावर उभा करशील. असं उत्तर लिहिणाऱ्याला परीक्षक गुण नाकारत नाही.

आणि हा काही माझ्या पिढीचा हट्ट नव्हे. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना मात्र ‘आपल्याला हे पक्कं लक्षात राहील’ असा विश्वास जास्त होता. प्रिलिमच्या आधी ‘सगळं झालंय, आत्या’ असं तू मला म्हणाला होतास. तेव्हा तू खोटं बोलत नव्हतास, तुला तसं खरंच वाटत होतं.

तेव्हा सप्लीपर्यंत चौरसिया पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेऊ नकोस. विद्यापीठाच्या गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढ. रोज सकाळी, डोकं ताजं असताना, दोन तास नुसतं लिही. अडलास तरी पुस्तक उघडू नकोस, जागा कोरी सोड आणि पुढे जा. दुपारी त्या कोऱ्या जागांपुरतंच वाच. लिहिलेलं डिपार्टमेंटमध्ये नेऊन मॅडमना दाखव. त्या रागावतील असं तुला वाटतं ना? नापास झालेला विद्यार्थी लिहिलेले कागद घेऊन दारात उभा राहिला, तर शिक्षकाला आनंदच होतो. येणारे इतके थोडे असतात! गेलास की प्रिलिमचे पेपरही मागून बघ. गुण नेमके कुठे गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा: आकृतीत, अप्लाइडमध्ये की वेळ न पुरल्याने. इंटर्नलचे गुण आणि हजेरी यांची चौकशीही त्याच फेरीत कर.

प्रॅक्टिकलसाठी डिसेक्शन हॉल सोडू नकोस. हॉलमधल्या अटेंडंट मामांना विनंती केलीस तर ते स्पेसिमेन काढून देतात. बऱ्याच मामांना परीक्षकांचे आवडते स्पॉट तोंडपाठ असतात. मोबाइलवरच्या चित्रात धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी असते. टेबलवर सगळंच तपकिरी आणि फॉर्मलिनने डोळे चुरचुरणारं. तिथे बोट घालून, उचलून, कुठून निघते नि कुठे जाते ते पाहूनच ओळखावं लागतं. व्हायव्हाला ह्युमरस हातात दिला तर घाईने बोलायला सुरुवात करू नकोस. गोल डोकं वर, आतल्या बाजूला आणि किंचित मागे येईल असं हाड धर, बायसेपिटल ग्रूव्ह पुढे आली का बघ, मग बाजू सांग. हाड नीट धरलेलं दिसलं की परीक्षकाचा चेहरा सैल होतो, हे मी खुर्चीत बसून अनुभवलंय.

बायोकेमिस्ट्रीबद्दल फार लिहीत नाही. सायकल्स रोज एकदा कागदावर काढ, एन्झाइम कुठे अडलं की कोणता आजार होतो ते शेजारी लिही, तेवढं पुरे. तो विषय तुझा अ‍ॅनाटॉमीच्या धास्तीने गेला आहे, निघेल.

इंग्रजीचं मात्र लिहायला हवं. बारावीपर्यंत मराठीतून शिकलास आणि व्हायव्हाला घसा कोरडा पडतो, हे मला माहीत आहे. खोलीतल्या मित्रासमोर रोज एक विषय तोंडाने सांग, साध्या, तुटक इंग्रजीत. व्याकरण चुकलं तरी चालेल. परीक्षकाला ऐकायचं असतं ते ‘अ‍ॅक्सिलरी नर्व्ह, सर्जिकल नेक, डेल्टॉइड’ हे तीन शब्द योग्य नात्याने जोडलेले. समजून मराठीत घे, खुशाल. बोलायचं त्या भाषेत जीभ वळवण्याची सवय मात्र जिभेलाच लावावी लागते.

झोप मोडू नकोस. नाइट मारून केलेला अभ्यास सकाळच्या पेपरला दगा देतो आणि दिवसा वाचलेलं पक्कं बसवण्याचं काम मेंदू झोपेत करतो. तुझा फिजिऑलॉजी निघालाय, हे तुला सांगायला नको.

आता जे मला सगळ्यात जास्त बोचतंय ते. तू फोन घेत नाहीस. मेसला उशिरा जातोस, कुणी भेटू नये म्हणून. दादा काही रागावलेला नाही, तो घाबरलेला आहे. ज्याचा फ्लेक्स लावला त्या मुलाने दार बंद करून घेतलंय आणि आत काय चाललंय हे बापाला कळत नाही, याचं ते भय आहे. निकालापेक्षा ते कितीतरी मोठं आहे. आज रात्री त्याला फोन कर. ‘दोन विषय राहिले, सप्लीला बसतोय’ एवढी दोन वाक्यं बोललास तरी पुष्कळ. बार्शीत कोण काय म्हणेल ते दादा बघून घेईल.

आणि रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगून काय उपयोग असं एकदा जरी मनात आलं असेल, तर सप्ली बाजूला ठेव आणि आधी त्याच्यावर इलाज कर. तुझ्याच हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढ आणि जा. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, दिवसरात्र चालणारा, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला फोन कर, मध्यरात्र असली तरी. २०२४ मध्ये आयोगाच्याच टास्क फोर्सने विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा एमबीबीएसच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचा त्रास असल्याचं सांगितलं. म्हणजे तुझ्या मजल्यावरच्या बंद दारांमागे तू एकटाच नाहीस.

समजा सप्लीतही राहिलं, तर ज्युनिअर बॅचबरोबर बसशील. पहिला महिना जड जातो, खोटं कशाला सांगू. माझ्या डिसेक्शनच्या टेबलाशी अशी मुलं दरवर्षी असत. गप्प, मागे उभी, डोळ्याला डोळा न भिडवणारी. एप्रनच्या खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या अशा मुलाच्या हाती मी मुद्दाम स्काल्पेल द्यायचे आणि नवीन मुलांना अ‍ॅक्सिला उघडून दाखवायला सांगायचे. एकदा शिकवायला लागलं की मान वर येते. त्यांच्यातले बरेच जण आज डॉक्टर आहेत, काही उत्तम डॉक्टर आहेत.

‘मला डॉक्टर व्हायचंय तरी का’ हा प्रश्नही तुझ्या मनात येत असेल. प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर मी तुझ्या बाजूने दादाशी बोलेन. फक्त तो निकालाच्या आठवड्यात सोडवायला घेऊ नकोस. दुखावलेल्या मनाला आत्ता सगळंच नको वाटेल. सप्ली दे, चार दिवस घरी ये, मग आपण शांतपणे बोलू.

सध्या एवढंच कर. ब्रेकियल प्लेक्सस आणि अ‍ॅक्सिलरी आर्टरी, तिचे तीन भाग आणि सहाही शाखा, पुस्तक न उघडता लिही आणि बुधवारपर्यंत मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठव. अर्धवट झालं तरी पाठव. मी लाल पेनाने तपासून रात्री परत पाठवीन. रविवारी मी आणि दादा तुझ्याकडे येतोय, वहिनी डबा देणार आहे. खोलीचा दरवाजा आतून लावू नकोस.

तुझी
आत्या