हुलग्याचे शेंगोळे

अंबड हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. गावाजवळ मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. लांबून पाहिली असता ती माशासारखी दिसते, म्हणून देवीला हे नाव मिळाले असे लोक सांगतात. तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. नदीकाठची जमीन काळी व कसदार आहे. परंतु नदीपासून दूर, माळाच्या उतारावर, हलकी मुरमाड जमीनही पुष्कळ आहे. पूर्वी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्थापन झाला आणि अंबड त्यात आले. जिल्हा बदलला, तरी पावसाचा लहरीपणा मात्र बदलला नाही. वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण एखाद्या वर्षी तो मध्येच दडी मारतो आणि उभी पिके माना टाकतात.

अशा प्रदेशात ज्या धान्याने माणसाची साथ सोडली नाही, ते धान्य म्हणजे हुलगा. कोकणात यालाच कुळीथ म्हणतात. हुलग्याला भारी जमीन लागत नाही, खत फारसे लागत नाही आणि थोडक्या पावसावरही तो तग धरतो. त्याच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू राहतात. ते हवेतील नत्र धरून ठेवतात आणि त्यामुळे जमिनीचा कस वाढतो. हुलग्याच्या दाण्यात शेकडा सुमारे बावीस भाग प्रथिने असतात. हे धान्य फार जुने आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तेथे मिळालेल्या जळक्या धान्यांत हुलग्याचे दाणेही होते.

एवढे गुण असूनही हुलग्याला मान थोडा. तो बैलांना व घोड्यांना भरडून घालतात. इंग्रजांनी तर त्याला घोड्याचा हरभरा अशा अर्थाचेच नाव दिले. पण हिवाळा आला, की अंबडच्या घराघरांत याच हुलग्याचे शेंगोळे रटरटू लागतात.

अशाच एका घरातील ही हकिकत आहे. त्या वर्षी पाऊस ओढून धरला होता. माळावर पेरलेला हुलगा जेमतेम हाती आला होता. पौष महिना होता. शेतीच्या विजेची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून घरधनी रात्रभर हरभऱ्याला पाणी देत होता. पहाटे चार वाजता आजी उठली. तिने चूल पेटवली आणि तुराट्या सारल्या. आवाजाने नात जागी झाली आणि गोधडी पांघरूनच चुलीपाशी येऊन बसली.

आजीने परातीत दोन वाट्या हुलग्याचे पीठ घेतले. दळण्यापूर्वी तिने हुलगे मंद आचेवर भाजून घेतले होते. पिठाला चिकटपणा यावा म्हणून तिने अर्धी वाटी गव्हाचे पीठ मिसळले. लसूण, मिरची, जिरे व कोथिंबीर यांचे वाटण, हळद आणि मीठ घालून तिने पीठ घट्ट मळले. तेलाच्या हाताने ती पिठाच्या बोटभर जाड वळ्या करू लागली आणि प्रत्येक वळीची टोके जुळवून कडबोळ्यासारखी कडी करू लागली. नातही तिच्याबरोबर शेंगोळे वळू लागली.

"आजी, वर्गातली मुलं हसतात. म्हणतात, हुलगा हे जनावराचं खाणं आहे," नात हळूच म्हणाली.

"हसू दे. बैल दिवसभर नांगर ओढतो तो कशाच्या बळावर, ते त्यांना विचार," आजी म्हणाली.

पातेल्यात तेल तापले. मोहरी, जिरे व ठेचलेला लसूण यांची खमंग फोडणी झाली. त्यावर आजीने सहा वाट्या पाणी ओतले आणि तिखट-मीठ घातले. पाणी खळखळ उकळू लागल्यावरच तिने एकेक शेंगोळे सोडण्यास आरंभ केला. यामागे कारण आहे. उकळत्या पाण्यात शेंगोळ्याच्या बाहेरच्या थरातील पिठूळ अंश ताबडतोब शिजून घट्ट होतो आणि त्याचा आकार टिकतो. पाणी कोमट असेल, तर पीठ विरघळून सगळ्याचा लगदा होतो. शेंगोळे सोडल्यावर काही वेळ पळी घालावयाची नसते. पुढे थोडे पीठ रश्शात उतरते आणि रस्सा आपोआप दाट होतो.

इतक्यात अंगणात पावले वाजली. घरधनी परत आला होता. त्याच्याबरोबर शेजारच्या शेतातील दोन शेतकरीही होते. तिघांचे पाय चिखलाने भरले होते व हात गारठ्याने आखडले होते.

"माय, यांनाही घेऊन आलो. पहाटेच्या वेळी यांच्या घरी चूल पेटली नसंल," तो म्हणाला.

"बरं केलंस. बसा रे बाबांनो, शेकत बसा," आजी म्हणाली.

शेंगोळे तर घरच्या तिघांपुरतेच होते. नात उठली आणि कोनाड्यातील गाडगे घेऊन आली. त्यात राखेत मिसळून ठेवलेले हुलगे होते.

"आजी, हे भरडून घेऊ या का?"

आजीने गाडगे तिच्या हातातून घेतले आणि पुन्हा कोनाड्यात ठेवले. "ते बी आहे. आज खाल्लं, तर पावसाळ्यात पेरायचं काय?"

मग तिने वैलावर तापत असलेले पाणी रश्शात ओतले. गार पाणी घातले असते, तर उकळी मोडली असती. तिने मूठभर ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून वरून लावले, थोडे मीठ वाढवले आणि दोन भाकरी अधिक थापल्या. रस्सा पुन्हा रटरटला. वाफेबरोबर लसणाचा वास घरभर पसरला.

पाहुण्यांना वाढून झाले. त्यांनी भाकरी कुस्करली, कांदा फोडला आणि गरम रस्सा ओरपला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. नातीच्या ताटलीत चार शेंगोळे पडले. आजीच्या ताटलीत मात्र नुसता रस्सा आणि अर्धी भाकरी होती. नातीच्या ते ध्यानात आले. काही न बोलता तिने आपल्या वाट्याचे दोन शेंगोळे आजीच्या ताटलीत ठेवले. आजीने तिच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने खाण्यास सुरुवात केली.

कोकणात कुळथाचे पिठले करतात, आंध्रात उलवचारू करतात आणि हिमालयाच्या कुशीतील कुमाऊँ-गढवालात थंडीच्या दिवसांत याच धान्याची डाळ शिजते. तेथे हुलग्याला गहत म्हणतात. नावे निरनिराळी, चवी निरनिराळ्या. पण थंडीत ऊन ऊन अन्नाने माणसाला उभारी देण्याचे काम सर्वत्र एकच.

पुढे मृगाचा पाऊस झाला. पेरणीच्या कामांतून सवड मिळताच नातीने कोनाड्यातील ते गाडगे उतरवले आणि बापाच्या मागोमाग ती माळाच्या शेताकडे निघाली.