किरणाची करवत आणि पेटीचा सांधा

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या कांहीं मुलांनीं प्रयोगशाळेंतील वजनें ठेवण्याकरितां एक पेटी केली. आराखडा संगणकावर काढला आणि पातळ प्लायवुड लेसर कटर नांवाच्या यंत्रावर कापून घेतलें. दोन हातांचीं बोटें एकमेकांत गुंफावींत तसे पेटीचे कोपरे होते. एका फळीचें बोट, दुसरीची खांच. आराखड्यांत बोट बरोबर १० मिलिमीटर, खांचही बरोबर १०. तरी पेटी खुळखुळली. मुलांनीं सरस ओतून ती कशीबशी उभी केली. पण पारितोषिक समारंभाच्या दिवशीं पाहुण्यांनीं ती उचलतांच तळ सुटला आणि वजनें व्यासपीठावर घरंगळलीं. मुलें शरमेनें लाल झालीं. खरें सांगावयाचें तर दोष आमचा होता, कारण आराखडा तपासून त्यावर सही आम्हींच केली होती.

त्या मुलांपैकीं एकाचे वडील मिरजेकडील सुतार आहेत. त्यांनीं फुटकी पेटी हातांत घेतली, कोपऱ्याला नख लावून पाहिलें आणि विचारलें, "मास्तर, रेघ कोणीं खाल्ली?"

प्रश्न साधा, पण त्यांतच सारें उत्तर होतें. करवत चालली कीं भुसा पडतो, आणि तो भुसा म्हणजे फळीचाच गेलेला अंश. म्हणून जाणता सुतार रेघेवर करवत चालवीत नाहीं; टाकाऊ बाजूनें चालवितो आणि रेघ कामाच्या तुकड्यावर राहूं देतो. किरणाखालीं भुसा दिसत नाहीं, म्हणून तो कांहींच खात नाहीं असें आम्हांस वाटलें. तो खातो, फक्त धूर करून खातो.

हा किरण आपल्या प्रांताला अगदींच परका नाहीं. सातारा जिल्ह्याच्या शिवेवर नीरा ओलांडली कीं बारामती तालुका लागतो. त्या बारामतींत १९३८ सालीं जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर प्रथम सिद्ध केला. लांकूड कापणाऱ्या अनेक यंत्रांत आज त्याच जातीचा लेसर असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. त्याची तरंगलांबी सुमारें १०.६ मायक्रोमीटर असते, आणि लांकूड तो चटकन शोषून घेऊन जळतें.

आतां हिशेब पाहूं. यंत्र किरणाचा मध्य रेघेवर धरून चालतें, म्हणून कापाच्या रुंदीपैकीं अर्धी रेघेच्या या बाजूस, अर्धी त्या बाजूस जाते. काप ०.१८ मिलिमीटर रुंद असेल, तर १० मिलिमीटरच्या बोटाच्या दोन्ही कडांचे मिळून ०.१८ गेले व बोट ९.८२ उरलें. खांच मात्र तेवढीच वाढून १०.१८ झाली. दोहोंतील फरक ०.३६, म्हणजे तोटा एकदां नव्हे, दोनदां झाला. मुलें (आणि आम्हीही) नेमकी हीच गोष्ट विसरलों होतों. उपाय असा कीं आराखड्यांत बोट १०.१८ काढावें व खांच ९.८२. कापल्यावर दोन्ही १० भरतील.

पण ०.१८ हा आंकडा आणावा कोठून? तो पुस्तकांतून घेऊं नये. बारीक फट मोजणें कठीण, म्हणून ती दहापट करून मोजावी. १०० मिलिमीटर लांबीची पट्टी काढून तिचे दहा समान भाग करावे, आणि दोन्ही टोंकांसह अकरा रेघा कापाव्या. मधल्या नऊ रेघांचा पूर्ण काप पट्टींतून जातो, टोंकांच्या दोहोंचा अर्धा अर्धा. एकूण दहा काप. दहाही तुकडे घट्ट जुळवून व्हर्नियरनें मोजावे. आमच्या मुलांस ९८.२ मिळाले, १.८ ला दहांनीं भागिलें. अपूर्णांक व्यवहारांत कोठें लागतात असें विचारणाऱ्या मुलांस यापुढें आम्ही हीच पट्टी दाखविणार आहों.

घटतें तेवढें आधींच वाढवून धरणें ही युक्ति सांगली जिल्ह्यास जुनी आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसविली व तेथें लोखंडी नांगर होऊं लागले. ओतीव बीड थंड होतांना शेंकडा सुमारें एक आकसतें. म्हणून ओतकामाचा लांकडी नमुना करणारा कारागीर तो तेवढा मोठाच घडवितो. त्याची मोजपट्टीही मुळांत वाढीव खुणांची असते.

एकदां मिळालेला आंकडा कायमचा मात्र समजूं नये. भिंगावर काजळी बसली, किंवा फळी वांकल्यामुळें किरणाचा केंद्रबिंदु ढळला, कीं काप रुंदावतो. जाडीचेंही तसेंच, तीन मिलिमीटर म्हणून विकत घेतलेलें प्लायवुड कधीं २.७ भरतें, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यांत ओल धरून फुगतें. खांचेची खोली त्या दिवशींच्या, त्याच फळीच्या जाडीवरून ठरवावी. ॲक्रिलिकचे सांधे ठोकून बसवूं नयेत, तडकतात. पालकांस एक विनंति : पीव्हीसीचा तुकडा मुलांनीं या यंत्रांत कदापि घालूं नये, त्याच्या धुरांत हायड्रोक्लोरिक आम्लाची विषारी वाफ असते. कापणें चालू असतां यंत्र सोडून जाणें तर आम्ही वर्गांतच बंद केलें आहे.

दुसरी पेटी दिवाळीपूर्वीं झाली. बोटें खांचांत आपण होऊन शिरलीं नाहींत. मोगरीचे हलके टोले द्यावे लागले, आणि मग हातानें ओढून निघेनात. सरस लावण्यापूर्वींच मुलांनीं तींत सारीं वजनें भरून ती वर्गभर फिरविली. मिस्त्रींना मुद्दाम बोलाविलें. त्यांनीं चारही कोपऱ्यांस नख लावलें, पेटी उलटी करून तळ ठोकून पाहिला, आणि झांकण कोठें आहे म्हणून विचारलें.

झांकण अद्याप व्हावयाचें आहे.