किशोर कामगार आणि चालते यंत्र

म्हैसूर शहरालगत हूटगळ्ळी येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील कारखान्यात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कामास लागला, तर त्याच्या सुरक्षिततेचा विचार यंत्राच्या गतीपासून सुरू करावा लागतो.

समजा, 6 सेंटिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला 240 फेरे घेत आहे. त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे 75 सेंटिमीटर सरकतो. सैल बाहीचे टोक त्यात अडकले, तर धोका ध्यानी येऊन हात मागे घेण्यास लागणाऱ्या पाव सेकंदात सुमारे 19 सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते. म्हणजे मनगट शाफ्टला भिडलेले असते. येथे तरुण वयातील चपळाईही तोकडी पडते. ‘जपून काम कर’ एवढे सांगून मालकाची जबाबदारी संपत नाही ती याचमुळे. फिरत्या भागांना आवरण हवे आणि तेल घालण्यापूर्वी यंत्र बंद हवे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस चालत्या शाफ्टची सफाई करण्यास अथवा त्यास तेल घालण्यास मनाई केली होती. 2025 च्या नोव्हेंबरपासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. शाफ्टचे गणित अर्थातच बदललेले नाही.

हे तत्त्व कायद्यात येण्यास फार काळ लागला. हिंदुस्थानातील 1881 च्या पहिल्या कारखाने कायद्यानुसार सात वर्षांच्या मुलालाही गिरणीत कामास लावता येई, आणि तेही दिवसाला नऊ तास! 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशीही मागणी होती. अपघाताला दैव म्हणून सोडून देण्याची रीत असलेल्या काळात ही मागणी विलक्षणच म्हटली पाहिजे. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास 1923 साल उजाडले.

बालकामगारांविषयीच्या 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती होऊन चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ‘किशोर’ अशी निराळी संज्ञा मिळाली. खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया ही कामे त्यांना वर्ज्य आहेत. दुकाने, उपाहारगृहे, छोट्या कार्यशाळा अशा ठिकाणी किशोरांकडून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. त्यानंतर एक तास विश्रांती द्यावी लागते. सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा काम नाही, आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी आवश्यक आहे. या साऱ्या तरतुदी वयावर अवलंबून असल्याने शाळेचा अथवा जन्माचा दाखला किशोराने जपून ठेवावा. दाखला नसताना वयाविषयी वाद निघाल्यास निर्णयासाठी प्रकरण वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते.